टँकरच्या पाठीवरचा मजकूर

सिग्नलला पुढे पेट्रोलचा टँकर उभा असला, की त्याच्या पाठीवरची पाटी आपसूक नजरेस पडते. एका चौकटीत ‘३ वाय ई’ अशी अक्षरे, त्याखाली ठळक ‘१२०३’, शेजारी टोकावर उभ्या केलेल्या लाल चौकोनात ज्वाळेचे चित्र आणि खाली दोन-तीन फोन नंबर. सिग्नल सुटतो, टँकर पुढे जातो आणि पाटी विसरली जाते. आरटीओच्या कटकटीपायी रंगवलेले काहीतरी असेल, एवढाच बहुतेकांचा समज असतो.

त्या पाटीवरचे एकही अक्षर टँकरच्या मालकासाठी नाही, ड्रायव्हरसाठीही नाही. आत काय आहे ते दोघांनाही ठाऊक असते. पाटी लिहिलेली असते ती आत काय आहे याची सुतराम कल्पना नसलेल्या माणसासाठी. तो हायवे पोलिसांचा हवालदार असेल, तालुक्याच्या गावातला अग्निशमन जवान असेल किंवा कडेच्या ढाब्याचा मालक. टँकर उलटला आहे, ड्रायव्हर बेशुद्ध आहे किंवा पळून गेला आहे, केबिनकडे जाणे धोक्याचे आहे आणि पुढच्या पाच मिनिटांत काहीतरी ठरवायचे आहे, असा प्रसंग गृहीत धरून ही सगळी व्यवस्था उभी केलेली आहे. धोकादायक मालाच्या वाहतुकीत जगभर जी आपत्कालीन माहिती सक्तीची आहे, ती या अनोळखी वाचकाला किती उपयोगी पडते यावरच पारखायला हवी.

माहिती नव्हती म्हणून

हा धडा मुंबईने फार मोठी किंमत देऊन शिकला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या, शिवाय सोन्याच्या विटाही होत्या. दुपारी कापसातून धूर निघू लागला. जवानांनी पाण्याचा मारा सुरू केला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, मृतांचा एकूण आकडा शेकड्यांत गेला. आजही १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ.

स्फोटके घेऊन येणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावावा, असा प्रघात होता. त्या दिवशी ‘फोर्ट स्टिकीन’वर तो नव्हता. आत काय आहे हे जहाजावरच्या अधिकाऱ्यांना ठाऊक होते, कागदोपत्री त्याची नोंदही होती. शेजारी नांगरलेल्या जहाजांना आणि धक्क्यावरच्या माणसांना मात्र धूर दिसत होता, तो कशाजवळ आहे हे दिसत नव्हते.

बरोबर तीन वर्षे आणि दोन दिवसांनी, १६ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेतल्या टेक्सास सिटी बंदरात ‘ग्रँडकँप’ या जहाजाला आग लागली. माल होता अमोनियम नायट्रेट खत, कागदी गोण्यांत भरलेले. पाण्याने माल खराब होईल म्हणून झडपा बंद करून तळघरात वाफ सोडण्यात आली. हवा कोंडली की आग विझते, हा नेहमीचा हिशेब. पण अमोनियम नायट्रेट आपला ऑक्सिजन स्वतःसोबत बाळगते. त्याला बाहेरच्या हवेची गरज नसते. कोंडल्याने उष्णता वाढली आणि जहाज फुटले. किमान ५८१ माणसे मेली. गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातले २८ पैकी २७ जण त्यांत होते. हिंमत आणि पाणी दोन्ही होते, पण गोणीवर ‘खत’ या शब्दाच्या पुढे धोक्याची सूचना नव्हती.

चार आकडे

दुसऱ्या महायुद्धानंतर रसायनांचा व्यापार झपाट्याने वाढला आणि एक नवाच घोळ उभा राहिला. एकच पदार्थ दहा देशांत दहा नावांनी ओळखला जायचा. नावे लांबलचक, एकमेकांशी मिळतीजुळती. एका अक्षराच्या फरकाने पदार्थ बदलायचा. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने १९५६ मध्ये धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी शिफारशींचे पुस्तक काढले. पुढे ते मुखपृष्ठाच्या रंगावरून ‘ऑरेंज बुक’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. त्यातून चार आकडी क्रमांकांची पद्धत रुळली. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, १००५ निर्जल अमोनिया, १०१७ क्लोरिन, १८३० सल्फ्युरिक आम्ल. आकडा चिनी ड्रायव्हरलाही तोच, चिपळूणच्या पोलिसालाही तोच. फोनवर खरखर असली तरी ‘एक-शून्य-एक-सात’ ऐकू येते. ‘मिथाइल अमुक तमुक’ ऐकू येईलच असे नाही.

या क्रमांकासोबत पदार्थांचे नऊ वर्ग पाडले गेले : स्फोटके, वायू, ज्वलनशील द्रव, ज्वलनशील घन पदार्थ, ऑक्सिडायझर, विषारी पदार्थ, किरणोत्सारी पदार्थ, दाहक पदार्थ आणि नवव्या वर्गात उरलेसुरले. टोकावर उभा चौकोन आणि त्यातले चित्र या वर्गाचे असते. अक्षरओळख नसलेल्यालाही ज्वाळा, कवटी किंवा हातावर सांडणारे आम्ल कळते, आणि तेही लांबून.

आकड्याने ‘आत काय आहे’ हे कळले. ‘मग करू काय?’ हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर लंडनच्या अग्निशमन दलात १९७०च्या दशकात तयार झाले. ‘हॅझकेम’ या नावाने ओळखला जाणारा हा संकेत ब्रिटनमधून भारतात आला. आपल्या टँकरवरचे ‘३ वाय ई’ हे त्याचेच रूप. पहिला आकडा विझवण्याचे साधन सांगतो : १ म्हणजे जाड फवारा, २ म्हणजे धुक्यासारखा बारीक फवारा, ३ म्हणजे फेस, ४ म्हणजे कोरडी भुकटी. ठरवून दिलेल्या साधनापेक्षा वरच्या आकड्याचे साधन वापरले तर चालते, खालच्या आकड्याचे मुळीच नाही. पुढचे अक्षर तीन गोष्टी एका दमात सांगते : पदार्थ भडकून उठू शकतो का, जवानाने अंगात काय घालावे आणि सांडलेला द्रव पाण्याने पातळ करून वाहू द्यावा की अडवून धरावा. शेवटी ‘ई’ असेल तर आसपासची माणसे हलवण्याचा विचार करा.

म्हणजे ‘३ वाय ई’ची फोड अशी : फेस वापरा, पाण्याचा मारा करू नका, पदार्थ भडकू शकतो, श्वसनयंत्र लावा, द्रव गटारात जाऊ देऊ नका, माणसे हटवा. एवढा सगळा हुकूम तीन खुणांत बसवला आहे, कारण वाचणाऱ्याकडे चौथ्या खुणेसाठी वेळ नाही.

पाणी कुठे मारायचे नाही

आग म्हटली की पाणी, हे आपल्या हाडीमाशी खिळलेले आहे. म्हणूनच ही माहिती लागते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. जळत्या पेट्रोलवर पाणी ओतले तर पेट्रोल वर तरंगते आणि पाण्यासोबत उताराला लागून आग पुढच्या वस्तीपर्यंत नेते. सल्फ्युरिक आम्लात पाणी पडले की एवढी उष्णता निघते की आम्लाचे थेंब उसळून अंगावर येतात. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो, म्हणजे विझवायला गेलेला माणूस नवे इंधन पुरवतो. सोडियम तर पाणी लागताच पेटतो.

वायूंची तऱ्हा आणखी निराळी. अमोनिया पाण्यात कमालीचा विरघळतो. नेहमीच्या तापमानाला एक लिटर पाणी सुमारे सातशे लिटर अमोनिया वायू गिळते. त्यामुळे हवेतल्या ढगावर बारीक फवारा मारला तर ढग खाली बसतो. पण तेच पाणी सांडलेल्या द्रव अमोनियाच्या थारोळ्यात ओतले तर त्याला ऊब मिळते आणि तो आणखी वेगाने उडू लागतो. क्लोरिनच्या गळतीवर थेट पाणी मारणे तर फारच वाईट. ओलसर क्लोरिन धातू खातो, त्यामुळे भोक मोठे होत जाते. शिवाय क्लोरिन हवेच्या अडीचपट जड असल्याने खोलगट जागी साचतो. जमिनीवर आडवे पडून धूर चुकवायचा हा आगीतला शहाणपणा इथे जिवावर बेततो.

एलपीजीच्या टाकीची कथा सगळ्यांत फसवी. द्रव बाहेर पडला की सुमारे अडीचशेपट फुगून वायू होतो आणि जमिनीलगत पसरत जातो. टाकी बाहेरून तापत राहिली तर आतला दाब वाढतो आणि जिथे द्रव नाही तो वरचा पत्रा मऊ पडून टाकी फाटते. अमेरिकेत किंगमन या गावी ५ जुलै १९७३ रोजी प्रोपेनच्या रेल्वे वाघिणीचा असा स्फोट झाला आणि ११ अग्निशमन जवान मेले. या प्रसंगानंतर ‘किती अंतरावर थांबायचे’ हा प्रश्न ‘काय मारायचे’ इतकाच महत्त्वाचा ठरला.

आपला कायदा काय मागतो

भारतात रस्त्यावरच्या वाहतुकीपुरती ही व्यवस्था १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. नियम १२९ ते १३७ वाचले तर माहितीचा प्रवास कसा व्हावा ते कळते. माल पाठवणाऱ्याने वाहतूकदाराला पूर्ण आणि पुरेशी माहिती द्यायची. वाहतूकदाराने ती ड्रायव्हरला समजली आहे याची खात्री करायची. ड्रायव्हरने ती लेखी स्वरूपात केबिनमध्ये ठेवायची, माल गाडीत असेपर्यंत, कधीही हाती लागेल अशी. हा कागद म्हणजे ‘ट्रेम कार्ड’. पदार्थाचे नाव, स्वरूप, धोका, कोणती साधने जवळ हवीत, गळती झाली तर काय, आग लागली तर काय, प्रथमोपचार कोणते, एवढे त्यावर असते. अपघात झाला तर जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला लगेच कळवणे हेही ड्रायव्हरचे काम.

पाटीचे तर मोजमापच ठरवून दिले आहे. पदार्थाचे अचूक तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, संयुक्त राष्ट्रांचा आकडा किमान १०० मिलिमीटर उंचीचा, धोक्याचा चौकोन किमान २५० मिलिमीटरचा, शिवाय आपत्कालीन सेवेचा आणि माल पाठवणाऱ्याचा किंवा जाणकार सल्ला देऊ शकेल अशा व्यक्तीचा फोन. आकडा नावाच्या दुप्पट मोठा ठेवण्यामागे हिशेब आहे : लांबून आधी आकडा वाचता यावा, नाव नंतर.

ड्रायव्हरसाठीही अट आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी, आणि धोकादायक मालाचे तीन दिवसांचे प्रशिक्षण झालेले हवे. पेट्रोलियम, वायू आणि स्फोटकांच्या टाक्यांना मंजुरी देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्यालय नागपुरात आहे. तिचे नियम टाकीचे पोलाद, झडपा, चाचण्या यांच्याबद्दल असतात. पाटी आणि कार्ड मात्र आरटीओ आणि हायवे पोलिसांच्या तपासणीवर अवलंबून राहतात, आणि गाडी अडवल्यावर आधी लायसन्स आणि परमिट पाहिले जाते.

युरोपने याच कार्डाबाबत वेगळा निर्णय घेतला. तिथे २००९ पासून पदार्थागणिक वेगळे कार्ड देण्याची पद्धत बंद झाली. त्याऐवजी चार पानांच्या सर्वसाधारण सूचना असतात आणि त्या वाहतूकदाराने चालक-वाहकांना त्यांच्या भाषेत द्यायच्या असतात. विचार सरळ आहे : अग्निशमन दलाला हवे ते गाडीवरच्या नारिंगी पाटीवरून मिळेल, कार्ड हे ड्रायव्हरने स्वतःचा जीव कसा वाचवावा यासाठी आहे. त्या पाटीवर वरच्या ओळीत धोक्याचा आकडा आणि खालच्या ओळीत संयुक्त राष्ट्रांचा आकडा असतो. वरच्या आकड्याआधी ‘एक्स’ असेल तर पाणी लावायचे नाही. सोडियमच्या गाडीवर म्हणूनच ‘एक्स ४२३’ दिसतो. आपल्याकडे एकाच कार्डावर दोन्ही वाचकांचा भार आहे, त्यामुळे ते बहुधा दोघांनाही अपुरे पडते. रसायनशास्त्राच्या इंग्रजीत छापलेल्या कार्डातून बिहारच्या ड्रायव्हरला आणि खोपोलीच्या जवानाला, दोघांनाही घाईत अर्थ काढायचा असतो.

सात गोष्टी आणि उचलला जाणारा फोन

अमेरिकी नियमांनी हीच माहिती सात कलमांत बसवली आहे : पदार्थाचे वर्णन, प्रकृतीला तत्काळ धोका, आग किंवा स्फोटाचा धोका, अपघात झाल्याबरोबर घ्यायची खबरदारी, आगीला कसे तोंड द्यायचे, आग नसताना सांडलवंड कशी आवरायची, प्राथमिक उपचार. यात दोन बारकावे आहेत आणि खरी अक्कल त्यांतच आहे. पहिला, ही माहिती मालाच्या पिंपापासून दूर उभे राहून वाचता आली पाहिजे. पिंपाच्या कुशीवर चिकटवलेली सूचना वाचायला पिंपाजवळच जावे लागत असेल, तर ती सूचना काय कामाची? दुसरा, दिलेला फोन माल वाटेत असेपर्यंत अष्टौप्रहर चालू हवा आणि तो उचलणारा माणूस त्या पदार्थाचा जाणकार हवा, किंवा जाणकाराशी तिथल्या तिथे जोडून देणारा हवा. संदेश नोंदवून घेणारे यंत्र चालत नाही. यासाठीच तिथल्या रसायन उद्योगाने १९७१ मध्ये ‘केमट्रेक’ हे चोवीस तास चालणारे केंद्र उभे केले.

आपल्या नियमातही जाणकाराचा फोन पाटीवर हवा असे म्हटले आहे. रात्री अडीच वाजता तो कोणी उचलेल का, हे त्यात तितक्या कडकपणे सांगितलेले नाही. ठाणे-बेलापूर, तळोजा यांसारख्या पट्ट्यांत कारखान्यांनी एकत्र येऊन ‘म्युच्युअल एड रिस्पॉन्स ग्रुप’, म्हणजे ‘मार्ग’, चालवले आहेत. त्यामुळे तिथे जवळपास जाणकार माणूस आणि साहित्य मिळते. रोहा, महाड, लोटे-परशुराम इथून निघालेला टँकर मात्र आपल्या पट्ट्याबाहेर पडला, की घाटात त्याच्यासोबत पाटीशिवाय दुसरा जाणकार नसतो.

उत्तर अमेरिकेत प्रत्येक बंबात एक पुस्तक असते : ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक’. १९९६ पासून अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको ते मिळून काढतात. पिवळ्या पानांत आकडा शोधायचा, निळ्या पानांत नाव. तिथून नारिंगी पानांवरच्या मार्गदर्शिकेकडे जायचे. १२०३ शोधले की मार्गदर्शिका १२८ मिळते : सांडले असेल तर चहूबाजूंनी किमान ५० मीटर मोकळे करा, टाकी आगीत असेल तर ८०० मीटर. १०७५ शोधले की ११५ : गळतीला १०० मीटर, आगीला १,६०० मीटर. आकडाच सापडला नाही तर मार्गदर्शिका १११, अनोळखी पदार्थासाठी. म्हणजे माहिती नसेल तेव्हा काय करायचे याचीही माहिती पुस्तकात आहे.

कागद खोटा असेल तर

एवढे सगळे असूनही घात होतो, कारण साखळीतला एक जण कसूर करतो. कॅनडातल्या लाक-मेगान्तिक गावात ६ जुलै २०१३ च्या रात्री कच्च्या तेलाची विनाचालक रेल्वेगाडी उतारावरून सुटून गावात घुसली आणि पेटली. ४७ माणसे मेली. तपासात ब्रेकच्या हलगर्जीसोबत आणखी एक गोष्ट निघाली : तेलाचा धोका कागदोपत्री प्रत्यक्षाहून कमी दाखवला होता. आकडा बरोबर, १२६७, पण धोक्याची श्रेणी चुकीची.

अमेरिकेतल्या ईस्ट पॅलेस्टाइनमध्ये ३ फेब्रुवारी २०२३ रोजी मालगाडी घसरून पेटली. काही वाघिणींत व्हिनाइल क्लोराइड होते. कोणत्या वाघिणीत काय आहे, ही यादी अग्निशमन दलाच्या हाती वेळेवर पडली नाही. डब्यांवरच्या प्लास्टिकच्या पाट्या आगीत जळून गेल्या. जिच्यासाठी पाटी लावली त्याच आगीने ती खाल्ली. पुढच्या वर्षी अमेरिकी सरकारने रेल्वे कंपन्यांना गाडीची अद्ययावत यादी इलेक्ट्रॉनिक रूपात तयार ठेवून आपत्कालीन यंत्रणेला तत्काळ देणे सक्तीचे केले.

आपल्याकडचे दोष साधे आहेत. गेल्या फेरीची पाटी या फेरीलाही तशीच राहते. पाटी चिखलाने भरते. रिकामा झालेला टँकर ‘रिकामा’ समजला जातो. प्रत्यक्षात तळाशी उरलेल्या पेट्रोलच्या वाफा भरलेल्या टाकीपेक्षा जास्त स्फोटक असू शकतात, म्हणून टाकी धुऊन निघेपर्यंत पाटी काढायची नसते. पाटीच्या मर्यादाही आहेत. १३ जून २०२३ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळच्या कुणे पुलावर टँकर उलटून पेटला. जळता द्रव खालच्या रस्त्यावर पडला आणि एकूण चार जणांचा जीव गेला. पुलाखालच्यांना वरची पाटी दिसण्याचा प्रश्नच नव्हता. जयपूरच्या भांक्रोट्यात २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे एलपीजीच्या टँकरला ट्रकने धडक दिली आणि वायूचा ढग रस्त्यावरच्या वाहनांना घेऊन पेटला. तिथे वाचायला वेळच मिळाला नाही. अशा ठिकाणी टाकीची मजबुती, वेग आणि रस्त्याची वळणे यांचाच विचार व्हायला हवा. पाटीचे काम अपघात टाळणे हे नाही. अपघातानंतर येणारी माणसे दुसऱ्या अपघातात मरू नयेत, एवढ्यासाठी ती असते.

त्या येणाऱ्या माणसांना पाटीवरचा मजकूर आधीच पोचवणे आपल्या हातात आहे. रस्त्यात टँकर कलंडलेला दिसला तर वारा ज्या दिशेने येतो तिकडे आणि चढाकडे सरकावे. बादली घेऊन सांडलेले पेट्रोल भरायला धावणाऱ्यांच्या मागे जाऊ नये. गाडी सुरू करू नये, विडी-सिगारेट पेटवू नये. टाकीजवळ न जाता, लांबूनच मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाटी मोठी करून पाहावी आणि आणखी दूर गेल्यावर ११२ ला फोन करावा. ‘टँकर उलटलाय, लवकर या’ एवढेच सांगितले तर पाण्याचा बंब निघतो आणि काय झाले आहे ते जवानांना तिथे पोचल्यावर कळते. ‘पाटीवर एक-शून्य-शून्य-पाच लिहिलंय, वारा गावाकडे वाहतोय’ असे सांगितले, तर अमोनिया आहे हे बंब निघण्याआधीच कळते. श्वसनयंत्रे सोबत घेता येतात, कोणत्या बाजूने शिरायचे ते ठरवता येते आणि गाव हलवायला वाटेतूनच सांगता येते.